ओताकारचा अंगठा

"बावीस अंडी होती पोटात, उस्ताद. बावीस!" यार्मिलाबाईंनी चहा ओतता ओतता सांगितलं. "घालायला जागाच मिळाली नाही, म्हणून आतल्या आत अडकली आणि त्यातच सिरिल गेला, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या सिरिलच्या पोटात अंडी! हसावं की रडावं?"

आणि त्या रडल्याच.

ओताकारने मान खाली घातली. चेक देशातल्या ब्रनो शहरात घोरपडी पाळणारे जेवढे म्हणून होते, त्या सगळ्यांचा तो उस्ताद. ट्रामच्या कारखान्यातून निवृत्त झालेला साधा फिटर, पण रविवारी मंडळाच्या मेळाव्यात त्याच्यापुढे रांग लागे. शेपटीच्या मुळाशी अंगठा दाबायचा आणि सांगायचं, नर की मादी. मराठीत घोरपड म्हणजे ती. तिकडच्या भाषेत मात्र तो. त्यामुळे शंका आली की तिकडे कौल नराच्याच बाजूने पडतो.

तीन वर्षांपूर्वी बाईंनी सिरिलला आणलं, तेव्हा अंगठ्याखालून लालसर काहीतरी डोकावलं होतं. तसलं मादीलाही असतं, हे ओताकारला पक्कं ठाऊक होतं. खरं तर त्याला काहीच कळलं नव्हतं. पण मागे एवढी रांग, सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. "कळत नाही" म्हणायला जीभ रेटेना. "नर! पठ्ठ्या नर!" असं ठोकून तो मोकळा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

"तुमचा काय दोष?" बाईंनी डोळे पुसून खसखशीच्या पावाची बशी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्हाला फसवलं म्हणजे भलतीच बिलंदर असणार. माझंच चुकलं हो. शेवटी शेवटी सारखी कोपरे उकरत होती. मला वाटलं, नर आहे, मस्ती आलीय. ओरडले मी तिच्यावर."

ओताकारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर सुटला असता. उलट बाईच त्याची समजूत घालत होत्या. पण त्याने बशी बाजूला सारली.

"तिनं नाही फसवलं, यार्मिलाबाई. मी फसवलं. मला त्या दिवशी कळलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"अंदाजाने ठोकलं. एवढ्या माणसांत कळत नाही म्हणायची लाज वाटली."

बाईंनी आपला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तसं म्हणाला असतात, तर मी रेतीची एक पेटी ठेवली असती. बस्स. एवढंच तर करायचं होतं."

त्या रागावल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

रविवारी रांगेत पहिलाच एक लठ्ठ खाटीक होता. टॉवेलात गुंडाळलेली घोरपड त्याने टेबलावर ठेवली. "बघा उस्ताद, पठ्ठ्याच आहे ना?"

ओताकारने अंगठा दाबला. पुन्हा दाबला.

"मला कळत नाही."

"अहो, थट्टा पुरे! नीट बघा."

"नीटच बघितलं. डॉक्टरकडे नेऊन पोटाचा एक्स-रे काढा. आणि तोवर खोल, ओली रेती ठेवा."

"म्हणजे मादी?"

"कळत नाही म्हटलं ना!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. "उस्तादांचं वय झालं," दुसरा म्हणाला, तेही त्याला ऐकू जाईल असं. खाटकाने टॉवेल उचलला. पलीकडे नर-मादी सांगणारा दुसरा एक जण बसला होता; मग एकेक जण आपापला डबा घेऊन त्याच्या टेबलाकडे सरकला. ओताकारचे कान तापून लाल झाले. पण मेळावा संपेपर्यंत तो जागचा उठला नाही.