टेबलाखालची

ठमीची आई घरी कपडे शिवत असे. कापड बेतायच्या टेबलावरची चादर जमिनीपर्यंत लोंबे आणि तिच्याआड ठमीचे दुसरे घर होते. तिथली मालकीण ठमीने स्वतःच कल्पिलेली असल्यामुळे तिच्या अस्तित्वाबद्दल ठमीचा कोणताही गैरसमज नव्हता. तिला चेहरा नव्हता. अंधारात त्याची गरज पडत नसे. तिचे नाव टेबलाखालची, आणि काम एकच: ठमीला जे नको असेल ते ठेवून घेणे.

"आज काय नको?" एका संध्याकाळी तिने विचारले. बाहेर बाबांनी नुकतेच ताट भिरकावले होते.

"बाबांचा आवाज."

"ठेवते."

त्यानंतर बाबांचे ओठ नुसतेच हलू लागले. शिवणयंत्राची खडखड, नळाची धार, शेजारचा रेडिओ, सारे जागच्या जागी होते. भांडणाची मात्र एकच बाजू ऐकू येई. आई जणू भिंतीला हात जोडते आहे असे वाटे. ते ठमीला सोसवेना, तेव्हा तिने आईचाही आवाज देऊन टाकला.

चूक कळली ती सकाळी. वेणी घालताना आई आरशात काहीतरी बोलून खुदकन हसली, आणि ठमीला त्यातले अक्षरही ऐकू आले नाही.

कान तपासणाऱ्या बाईंनी ठमीला हेडफोन लावला. ती प्रत्येक सूक्ष्म आवाजाला बिनचूक बटण दाबत गेली.

"कान ठणठणीत आहेत हो ताई," बाई म्हणाल्या. "ऐकू सगळं येतंय, ऐकायचं नाहीये. आमच्याकडे असाच एक आहे, पण तो नवरा!"

आईचे ओठ हलले.

"छे, यावर औषध कसलं?"

घरी येताच ठमी चादरीआड शिरली. "आईचा आवाज परत दे."

"अगं ठमे, अशी जवळ ये ना. इथे कुणी ओरडत नाही."

आवाज आईचाच होता. ओठांत टाचण्या धरून बोलताना येतो तसा, किंचित दबलेला. शिवाय हे वाक्य ठमीला सुचलेले नव्हते.

चादर उचलली गेली. आई वाकून काहीतरी सांगू लागली, घाईघाईने, निःशब्द.

"तिच्याकडे बघू नकोस, राणी," मागून आईचा आवाज म्हणाला. "तुझी आई इथे आहे."

आवाज एकीकडे होता आणि आई दुसरीकडे. ठमीला दोन्ही हवे होते, पण दोन्हींकडे एकाच वेळी जाणे शक्य नव्हते. ती रांगत बाहेर आली आणि तिने आईच्या गळ्यावर तळहात टेकवला. कातडीखाली एक आखूड कंप उठला, थांबला, पुन्हा उठला. तो शब्द 'ठमे' असावा.

आईने तिला कडेवर घेतले. दुसऱ्या हातात कपड्यांनी भरलेली पिशवी होती. बाबा कामावरून परतायला अजून अवकाश होता.

दोघी दाराबाहेर पडल्या तेव्हा टेबलाखालून हुंदके येऊ लागले, हुबेहूब आईचे. मग त्यांच्यावर बाबांचा आवाज चढला. ते दोन्ही आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होते. ठमीने मागे पाहिले नाही. तळहात मात्र गळ्यावरच दाबून धरला. आई अजून बोलत होती.