रुखमाचं खमीर

प्रेमचा फोन आला तेव्हा मी ओसरीवर जांभळं निवडत बसलो होतो. किडकी वेगळी, फुटलेली वेगळी, चांगली टोपल्यात. रुखमानं जाताना तेवढंच काम सांगितलं होतं. सकाळपासून तिच्या छातीत जळजळ होत होती. पित्त असेल म्हणून आमचा प्रेम आणि सून पूनम तिला शेजाऱ्याच्या गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही चपला घातल्या होत्या. ती म्हणाली, "तुमी काऊन येता? जांभळं निवडून ठेवा. आल्यावर मले शिजवाची हायत."

 फोनवर मागून पूनमच्या रडण्याचा आवाज येत होता. मग प्रेम म्हणाला, "बाबा, आईले घेऊन येऊन राह्यलो."

मी विचारलं, "सुट्टी देली का?"

तो म्हणाला, "नाई."

तेव्हा मला कळलं.

माणसं जमली तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे होते. साबणानं रंग निघाला नाही. तिला खांदा देताना तिरडी धरली ती त्याच हातांनी. निवडलेली जांभळं टोपल्यातच आंबली, कोणीतरी ती गुरांपुढे टाकली.

रुखमाला सुलतानपुरात लोक सोडेवाली म्हणायचे. तिनं सोडा कधी विकला नाही, पण उन्हाळा संपताना आमच्या घरी येऊन ग्लासभर न पिता गेलेला माणूस गावात कमी असेल. तिच्या बरणीत किसलेलं अद्रक, साखर आणि पाणी असायचं. रोज थोडं अद्रक, थोडी साखर टाकायची आणि वर फडकं बांधायचं. त्याला बुडबुडे यायचे, फेस चढायचा. त्याला ती खमीर म्हणायची. पिंपळगाव राजाला तिचं माहेर. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तिनं ते तिथून आणलं आणि तेव्हापासून मरू दिलं नाही. जांभळं शिजवून ती रस गाळायची, त्यात साखर, काळं मीठ, भाजलेलं जिरं घालायची. रस थंड झाला की वाटीभर खमीर त्यात जायचं. मग कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून झाकणं घट्ट लावायची. बाटली दाबून दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये. उघडताना फस्स आवाज व्हायचा आणि पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या यायच्या.

मी वीज कंपनीत मीटर रीडर होतो. घरोघर जाऊन आकडे लिहायचे हे काम. घरात मोटार चालू आहे, पंखा चालू आहे आणि मीटर जागचं हलत नाही, असं घर मला पायरीवरूनच कळायचं. नोकरी सुटली तरी ती नजर सुटली नाही. बंद बाटलीचीही मला खात्री वाटायची नाही. मी झाकण ढिलं करून बघायचो, गॅस झाला की नाही. रुखमा ओरडायची, "मीटर हाय का थे? वरून दाबून पाहा. गेलेला गॅस मांगं येते का?"

तेरावं झालं. पाहुणे गेले. मी स्वयंपाकघरात गेलो तर खिडकीत बरणी नव्हती. फडकंही नव्हतं. खिडकीच्या दगडावर बरणीचा गोल डाग तेवढा होता.

पूनमला विचारलं. ती पोळ्या करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मले काय माईत, बाबा. सुतकात शालूबाईनं सगळं सांडून देलं. पानी, दही, समदं."

शालूबाई म्हणजे माझी थोरली भावजय. तिनं तसं केलं होतं हे खरं. सुतकाच्या घरात मेलेल्या बाईच्या हातचं आंबवलेलं ठेवायचं नाही म्हणाली होती. पण बरणी कुठं गेली? बरणी तर काही कोणी सांडत नाही.

"अन् बरणी?"

"फुटली असन."

फुटलेल्या बरणीची खापरं उकिरड्यावर नव्हती. मी जाऊन पाहिलं. त्याऐवजी मला तिथं अद्रकाची सालं दिसली. ताजी. आमच्या चहात त्या दिवशी अद्रक नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. साखरेचा डबा लवकर उतरत होता. दुपारी मी डोळे मिटून पडलो की पूनम मागच्या दारानं जायची, पदराखाली काहीतरी धरून, आणि रिकाम्या हातानं यायची. मला आठवलं, मागच्या वर्षी ती रुखमाला म्हणाली होती, "आई, बीबी गावच्या बाजारात आपल्या बचत गटाचा ठेला लावू. बाटलीवर तुमचा फोटो टाकू." रुखमा हसली होती. "माह्या फोटोनं गिऱ्हाईक पळून जाईन," म्हणाली होती. तेव्हा मीही हसलो होतो. आता मला त्यात दुसरंच दिसायला लागलं. सासू गेली, बरणी हाती आली.

प्रेमला सांगितलं. तो शेतातून येऊन पाय धूत होता.

"तुही बायको घरातून सामान नेऊन राह्यली."

"कोनतं सामान?"

"साखर. अद्रक."

त्यानं तांब्या खाली ठेवला. "बाबा, आईले जाऊन किती दिस झाले? अन् तुमी साखर मोजून राह्यले?"

त्यालाही माहीत आहे, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी पूनमच्या मागं गेलो. ती मागच्या बोळीत गोजरबाईच्या घरात शिरली. गोजरबाई एकटी बाई. पत्र्याची एक खोली, गोधड्या शिवून पोट भरते. तिच्या घरात मीटर नाही. खांबावरच्या तारेला आकडा टाकून तिनं वायर ओढलेली होती. नोकरीत असताना मला ते दिसत होतं. मी एकदा बोललो तर रुखमा म्हणाली होती, "एक बल्ब अन् एक पंखा. राहू द्या न." मी राहू दिलं होतं.

पूनम निघून गेल्यावर मी दारात गेलो. गोजरबाई दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली.

"काय म्हन्ता भाऊ?"

"आत काय हाय?"

"माह्या गोधड्या हायत."

"मले पाहू दे."

"बाईमानसाच्या घरात काय पाहता? जा घरी."

आतून वास येत होता. अद्रकाचा, आंबट. तो वास मी कुठंही ओळखला असता. माझं डोकं फिरलं. बोळीतल्या बाया बाहेर आल्या एवढ्या मोठ्यानं मी बोललो. "वायरबी चोरीची अन् बरणीबी चोरीची! लाज नाई वाटत? मेलेल्या बाईचं उचलून आनलं!"

गोजरबाईचं तोंड उतरलं, पण ती दारातून हलली नाही. "म्हना काय म्हनाचं थे. आत नाई येऊ देनार."

घरी आल्यावर मी जुन्या ऑफिसात फोन केला. आकडा कुठं आहे, कोणत्या खांबावर आहे, सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांनी आकडा काढला, वायर गुंडाळली आणि घेऊन गेली. मी आमच्या गच्चीवरून पाहत होतो. गोजरबाई दारात बसून होती. 

पूनमला दोन दिवसांनी कळलं, फोन कोणी केला ते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

"चला माह्यासंगं," म्हणाली.

गोजरबाईनं या वेळी अडवलं नाही. आत भर दुपारी अंधार होता. पत्रा तापलेला. कोपऱ्यात पाटावर रुखमाची बरणी, तिच्याभोवती ओलं पोतं गुंडाळलेलं.

"पंखा होता तवर बरं होतं," गोजरबाई म्हणाली. "आता उकाड्यानं खराब होईन म्हनून घडीघडी पानी मारतो पोत्यावर." मग तिनं बरणीवरचं फडकं सोडलं. "घ्या मीटरवाले भाऊ, याचं रीडिंग घ्या."

वर पांढरा फेस होता. बुडबुडे येऊन फुटत होते. रुखमा असताना होतं तसंच.

पूनम म्हणाली, "सुतकात मले त्याले हात लावता येत नव्हता. शालूबाई फेकाले निघाल्या तवा मी मांगच्या दारानं गोजरबाईच्या हाती देलं. यायले आपलं सुतक लागत नाई. साखर अन् अद्रक तेवढं मी आनून देतो. गरीब बाईनं कुठून टाकावं?"

"तेरावं झालं. मंग आनलं काऊन नाई घरी? मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं बरणीवर फडकं परत बांधलं. "आईनंच सांगितलं होतं. गाडीत बसतानी. म्हनल्या, मले दोन दिस लागले तर खमीर पाह्यजो. अन् तुह्या सासऱ्याच्या हाती लागू देऊ नको. थे उघडून उघडून मारून टाकतीन."

गोजरबाई पटकन हसली. मग तोंडावर पदर धरला. मलाही हसू आलं असतं. रुखमा हे कशी म्हणाली असेल ते मला ऐकू येत होतं. गाडीत बसताना, छातीवर हात ठेवून, माझ्याकडं न पाहता.

"मी उघडलं नसतं," मी म्हणालो.

"बाबा," पूनम म्हणाली, "तुमी उकिरडा उकरून पाह्यला."

बरणी घरी आणली. जांभळांचे शेवटचे दिवस होते. लोणारकडून येणाऱ्या बायांकडून मी उरलीसुरली घेतली, निवडली, पूनमनं शिजवली. जिरं किती घालायचं ते दोघांनाही नीट माहीत नव्हतं. बाटल्या भरून कोनाड्यात ठेवल्या. मी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. हात शिवशिवायचा. बाटली दाबून पाहायचो आणि परत ठेवायचो. पूनम येता-जाता बघायची.

बाटल्या कडक झाल्या. प्रेमनं पहिली उघडली तर अर्धा सोडा त्याच्या शर्टावर उडाला. तो म्हणाला, "आई गं!" आम्ही उरलेला वाटून प्यालो. जिरं जास्त झालं होतं. झिणझिण्या मात्र तशाच आल्या.

एक बाटली घेऊन मी गोजरबाईकडं गेलो. ती उजेडासाठी उंबऱ्यात येऊन गोधडी शिवत होती. आजकाल दिवस मावळला की तिचं काम बंद होतं. तिनं सुई कापडात टोचून ठेवली, बाटली घेतली, तोंडाला लावूनच दोन घोट प्याली.

"रुखमाबाईचाच हाय," म्हणाली.

मी म्हणालो, "गोजरबाई, मी लय बोललो त्या दिवशी. बोलाले नोको होतं."

"बोलल्याचं काई नाई भाऊ. बोललेलं मानूस इसरते." तिनं वर तारेकडं पाहिलं नाही, पण मी पाहिलं.

मी म्हणालो, माझ्या घरून वायर टाकून देतो. आयुष्यभर लोकांच्या ज्या वायरी मी कापायला लावल्या, तसलीच हीही बेकायदेशीर, पण मी टाकायला तयार होतो.

"नोको," ती म्हणाली. "उद्या कोन्ही अजून फोन करन."

आता तिच्या नावाचं मीटर घ्यायचं ठरलं आहे. घर तिच्या नवऱ्याच्या नावावर, तो कधीच गेला. नाव बदलून घ्यायला तिच्या दिराची सही पाहिजे, तो सुरतला असतो आणि फोन उचलत नाही. मी पंचायतीत चकरा मारतो. जुन्या ऑफिसातली पोरं मला खुर्ची देतात, चहा देतात आणि कागद पूर्ण करून आणा म्हणतात.

गोजरबाईच्या घरात अजून लाईट आलेली नाही.