पराटीतला हात

"हेथीच खंदा!" देवीलालबाबानं चिमटा आपटला. मानीबाईच्या वावरात, लाल्या रोगानं पानं झडलेल्या कपाशीच्या पराटीत टिकास पडली अन् तिसऱ्याच घावाले मातीतून हाडाचा हात वर आला. पाच बोटं! वावराच्या धुऱ्यावर जमलेलं अख्खं गाव दोन पावलं मागं सरकलं.

"पाह्यलं? मानसाचा हात पुरून करनी केली हिनं! म्हनून साऱ्यायच्या कपाशीवर लाल्या. हिले गावाभायेर काढाचं का नाई? हात वर करा!"

सरपंच बबनरावसकट पन्नास हात वर.

मागच्या बाजारात लाल्यावर अंगारा इकनाऱ्या बाबाले मानीबाईनंच टोला हाणलता, "पहिले तुह्या भावाच्या वावरातला लाल्या बरा कर!" सारं गाव हासलं होतं. आज थेच गाव हात वर करून उभं होतं.

गर्दीतून शेजारची सुरभी घुसली. नागपूरले एम.एस्सी. करे; हाडावरून मेलेला कोन, कसा मेला, थे वळखाचं शिक्षन. गाव तिले 'हाडवाली' म्हने.

"शिवू नको पोरी, जळशील!"

"दोन वर्सं हेच शिवून राह्यली, महाराज. अजून ताप बी नाई आला."

तिनं हाडं पोत्यावर मांडली. "आपापल्या बोटाचे पेरं मोजा. अंगठ्याले किती?"

"दोन," बबनराव बोलला. "बाकीच्यायले तीन."

"म्हंजे एक पेर कमी, थो अंगठा. हा पाहा. आपला अंगठा जाड असते. हा तं पाचात सगळ्यात बारीक. अन् करंगळी जाडजूड! असा हात कोनाचा?"

मोहा वेचनारा म्हातारा नेमसिंग खदखदला. "अस्वलाचा वं! मोहाखाली त्याच्या पंजाच्या ठशात करंगळीच जाड उमटते."

"बरोबर, काका. सोललेला पंजा मानसावानीच दिसते, शिकलेले बी फसतात. पन शेवटचे पेरं नाईत, नखावाले. थे कुठी गेले?"

सगळ्यायचे डोये फिरले अन् बाबाच्या गळ्यात अडकले. लाल दोऱ्यात पाच काळी नखं.

"हे... हे हिमालयातल्या वाघाचे!"

"मंग द्या, लावून पाहू. वाघाचं अस्वलाले कायले बसन?"

बाबा पळाले निंघाला. मानीबाईनं माळच धरली, दोरा तुटला. सुरभीनं नखातलं हाड एकेका बोटाले लावलं. पाचही बसले, कुलपात चाबी बसते तसे.

"लाल्या मातीचा कस गेला का येते," सुरभी म्हने. "माती तपासाले पाठवा, मावशीले भायेर नोका पाठवू. अन् भ्याच्या आधी मोजत जा. बोटं तं सगळ्यायजवळ हायत!"

मानीबाईनं पदर खोचला. "आता मले काढाले ज्यायनं हात वर केलते, त्यायनंच हा खड्डा बुजवा!"

पहिलं घमेलं बबनरावनंच उचललं.