वीसपर्यंत

झुलालनानांनी पत्राचा कागद फोनबूथच्या काचेला टेकवला आणि बोटाने ओळ धरून म्हणायला सुरुवात केली.

"लाभ, दोस, त्रेस, क्वात्रो..."

"नाना, तिकडे लाभ नाही चालत," बूथवाला हाशम दारातून म्हणाला. "पहिला उनो. ज्वारी नाही मोजायची तुम्हाला."

"तीस वर्षं अमळनेरच्या बाजारात मापं टाकली. पहिल्या मापाला एक कधी म्हटलं नाही, लाभच म्हटलं."

"मग नातू पुन्हा पळून जाईल."

नानांनी बोट पुन्हा पहिल्या आकड्यावर ठेवलं. जावई मेक्सिकोत पोलादाच्या कारखान्यात लागल्याला तीन वर्षं झाली होती. पाच वर्षांच्या हर्षलला आता तिथली स्पॅनिश तेवढी येत होती. मागच्या तिन्ही फोनांना त्याने नानांचं बोलणं क्षणभर ऐकलं आणि फोन आईच्या हातात देऊन तो निघून गेला. शेवटी त्यांच्या मुलीने, लताने, दहापर्यंतचे आकडे मराठी अक्षरांत लिहून पाठवले. त्याला लपाछपी आवडते, तुम्ही मोजा, तो लपेल, असं तिने खाली लिहिलं होतं.

हाशमने दार ओढून घेतलं. सकाळचे आठ वाजले होते. तिकडे आदल्या दिवशीची रात्र. लाइन लागली.

"उनो," नाना म्हणाले.

पलीकडे मूल खिदळलं. पावलं पळाली. नाना एकही आकडा न चुकता दहावर पोहोचले. सदऱ्याची पाठ ओली झाली होती.

"शाब्बास नाना," लता म्हणाली. "पन हाऊ वीस ऐकाशिवाय निंघत नही."

"माले दहाच येतस."

"थांबा, मीच देखस त्याले."

फोन बिनवायरीचा होता. तो हातात घेऊन ती खोल्यांमधून फिरू लागली. दारं उघडल्याचे, खुर्ची सरकवल्याचे आवाज येत होते. "हर्षल!" पहिल्या हाकेत हसू होतं. पाचव्या हाकेत नव्हतं.

तेवढ्यात अगदी कानाशी लहान मुलाचा आवाज कुजबुजला, "ओन्से."

नानांना हसू फुटलं. पोरगं आईला चकवून फोनपाशी आलं होतं. आजोबांना दहाच्या पुढे अडलेलं त्याला कळलं होतं.

"ओन्से," ते म्हणाले.

"दोसे."

"दोसे."

आवाज एक आकडा सांगायचा आणि थांबायचा. नाना तो म्हणायचे, मग पुढचा यायचा. नातू एवढा वेळ त्यांच्याशी कधीच बोलला नव्हता. नानांनी कपाळ काचेला टेकवलं. एकोणिसावा आकडा झाला.

"नाना, कोनासंगे बोली राह्यनात तुम्ही?" लताने विचारलं.

"हर्षलसंगे. फोनवरच शे ना तो."

"फोन मना हातमा शे, नाना." ती धापा टाकत होती. "बाहेरनं दार उघडं शे. तो सापडत नही."

नानांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला. त्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावला.

"वेइन्ते," आवाज म्हणाला आणि थांबला.

वीस ऐकल्याशिवाय पोर निघत नाही. नानांनी ओठ ओले केले.

"वेइन्ते."

पलीकडे दार करकरलं.

"सापडी गया!" लता रडत होती की हसत होती, समजेना. "कपाटमा झोपी जायेल व्हता. आते बी गाढ झोपमा शे. कव्हाना झोपेल शे काय माहीत. ठेवस, नाना."

खट आवाज झाला. बाहेर मीटरवरचे लाल आकडे थांबले. हाशम मान खाली घालून पावती लिहू लागला. नानांच्या हातातला रिसीव्हर अजून कानालाच होता.

"नाना," तोच आवाज म्हणाला. हर्षलला न येणाऱ्या स्वच्छ अहिराणीत म्हणाला, "आते तुम्ही लपा."

नानांनी वळून पाहिलं. चारही बाजूंना काच होती.

"उनो," आवाज म्हणाला.