दाजींचा कोट

तीन आठवड्यांत मास्तरांनी स्वतःची पँट कमरेत दोनदा आत घेतली होती, आणि दुकानात कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकवून झालं होतं. भात बंद, पाव बंद, बटाटा बंद! जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र पूर्वीइतकंच, अठरा युनिट. "एकदा डॉक्टरांना विचारा," असं बायको म्हणाली, तर तिच्यावरच खेकसले, "मला कळत नाही का?" कळत नव्हतंच.

त्या दुपारी दोन अंडी आणि वाटीभर भाजी खाऊन मास्तर टेबलापाशी उभे राहिले. समोर ताईने दिलेला दाजींचा कोट होता. दाजी जाऊन वर्ष झालं होतं. "बारीक करून दे, थंडीत मीच घालीन," ती म्हणाली होती. मास्तरांना दरदरून घाम फुटला, हात लटपटू लागले. आपण शिवण उसवतोय असंच त्यांना वाटत होतं. बायकोने साखरेचं पाणी पाजलं, मग डोकं ताळ्यावर आलं, तेव्हा कोटाची पाठ मधोमध उभी कापलेली होती.

तीस वर्षं कात्री धरणाऱ्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळी ताई आली, तेव्हा मास्तर सरळ खोटं बोलले. "कापड कुजलं होतं गं. हात लावला नि फाटलं."

"माझंच चुकलं," ताई म्हणाली. "पेटीत नीट ठेवला नाही मी."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बायकोने त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. "गिऱ्हाईक वाळलं तरी जुन्याच मापाने शिवता का?" बाईंनी विचारलं. "खाणं निम्म्यावर आलं, तेव्हाच डोस कमी करायला माझ्याकडे यायचं होतं. शुद्ध हरपली असती म्हणजे?" त्यांनी डोस उतरवून दिला, जेवणाआधी साखर तपासून आकडे कळवायला सांगितले, खिशात साखर ठेवायला लावली, आणि मनाने काही बदलायचं नाही असा दम भरला.

तिथून मास्तर तडक ताईकडे गेले. मान वर करवत नव्हती. "ताई, कापड चांगलं होतं. साखर उतरली माझी, भान राहिलं नाही. मीच कापला. लाज वाटली म्हणून खोटं बोललो."

"आता बरा आहेस ना?" तिने आधी हेच विचारलं.

मग तिने कोपऱ्यातली पेटी उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं.

"त्यांचे बाकीचे कपडेही कुजले असतील असं वाटलं रे," ताई म्हणाली. "उलगडून बघायचा धीर झाला नाही. सकाळीच सगळे देऊन टाकले."