सुईतलं दुसरं भूत

"परत उगवलं मेलं!" सुईताईने पडद्याकडे बघून कपाळावर हात मारला.

औषधं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत यंत्राची सुई साफ करावी ती हिनेच, म्हणून सगळे तिला सुईताई म्हणत. ते यंत्र सुईने औषधाचा थेंब ओढून घेई आणि त्यात काय काय आहे ते पडद्यावर उंचवटे काढून सांगे. नुसतं स्वच्छ द्रावण दिलं तर रेघ सरळ यायला हवी. पण कालचं चिकट सिरप आत कुठेतरी दडून बसलं होतं आणि सकाळी स्वच्छ द्रावणातही उंचवटा आला. असल्या उंचवट्याला तिथे भूतच म्हणत.

भूत उतरवण्यात सुईताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज मात्र तिने सुई काढली, ती बसते ती खोबण धुतली, आतली चकती अल्कोहोलमध्ये घोळवली, सगळं जोडलं, तरी भूत हजर. पुन्हा खोललं, पुन्हा जोडलं. भूत आणखीनच गलेलठ्ठ!

एरवी तिला याची गंमत वाटली असती. पण आज संध्याकाळी तिला पोहण्याच्या तलावावर पोचायचं होतं. जन्मभर पाण्याला घाबरलेल्या तिच्या सासूबाई आज पहिल्यांदा या काठावरून त्या काठाला जाणार होत्या. सुईताईचा नवरा गेल्यापासून घरात दोघीच, आणि पोहण्याचं खूळ सुईताईनेच त्यांच्या डोक्यात घातलेलं. सासूबाईंची अट एकच होती, "पलीकडे तू उभी पाहिजेस. तुझं तोंड बघत येईन. नाहीतर मी काठ सोडायची नाही." आणि इथे उद्याच्या सगळ्या तपासण्या या एका रेघेवर अडलेल्या.

"राहू दे, उद्या इंजिनिअरला बोलावू," प्रयोगशाळेच्या मॅडम आत येत म्हणाल्या.

"इंजिनिअर? माझ्या सुईला?"

"बरं बाई, नाही बोलावत. पण तुझं डोकं दुखतंय का? बामचा केवढा वास येतोय!"

सुईताई जागच्या जागी थिजली. दिवसभर रसायनं हुंगून तिचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. सकाळी निघताना तिने सासूबाईंचा खांदा चोळून दिला होता आणि घाईत हात कसेबसे धुतले होते. दर फेरीला हातमोजे नवे, पण ते ओढून चढवणारी बोटं तीच!

तिने सकाळचा आलेख शेजारी ठेवून पाहिला. त्यातलं भूत वेगळ्याच जागी, वेगळ्याच पदार्थाचं होतं. म्हणजे पहिलं तिने पहिल्याच फेरीत उतरवलं होतं. हे दुसरं तिनेच आत नेऊन बसवलं होतं आणि वर त्याला खाऊ घालत होती. तलावाच्या नादात तिने नीट बघितलंच नव्हतं.

"मॅडम, हे भूत माझ्या सासूबाईंचं आहे हो!"

सगळं ऐकून मॅडम पोट धरधरून हसल्या. सुईताईने कोपरापर्यंत साबण लावला, मॅडमनी लहान मुलाला घालावेत तसे तिला हातमोजे चढवले. पुन्हा सुई, पुन्हा चकती. रेघ सरळ आली.

"पळ आता. यंत्र मी बंद करते."

तलावावर प्रशिक्षक वैतागून उभा होता. "आजी पाण्यात उतरल्यात, पण काठाचा दांडा सोडत नाहीत!"

"किती उशीर गं! गारठले मी," पलीकडून सासूबाई ओरडल्या.

"आई, तुमचा बाम माझ्या मशीनमध्ये शिरला!"

"काय? कसा काय?"

"इकडे या, मग सांगते!"

सासूबाईंनी दांडा सोडला. हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी जात, पण नजर सुनेवरून न हलवता त्या निघाल्या. मध्यावर जरा गडबडल्या. सुईताई काठावर गुडघे टेकून वाकली. मग पुन्हा हात पुढे पडला, आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"हं, सांग आता," त्या धापा टाकत म्हणाल्या.

सुईताईला हसू आणि रडू एकदमच आलं होतं. तिने कपड्यांची पर्वा न करता त्यांना जवळ ओढलं. ओल्या खांद्याला अजून बामचा वास होता, आणि तो तिच्या त्या कामातून गेलेल्या नाकालाही आला.