तिसरा तुकडा

कोंबडीचे तुकडे तीन होते. कनानूनं डब्याचं झाकण पुन्हा उचललं, बघितलं, लावलं. तीनच. अकरा वर्षं कंपनीच्या दर वार्षिक सभेला दोन मिळायचे, थोडे बटाटे, एक केळं – आणि यंदा तीन, वर दोन माणसं मावतील अशी छत्री. नफा तर गेल्या सालाएवढाच. अहवालाचं सतरावं पान तिनं बसमध्ये दोनदा वाचलं होतं. मग हा तिसरा आला कुठून? माझ्याच लाभांशातून, दुसरं कुठून येणार... देवा, क्षमा कर, दिलेल्या अन्नात खोट काढते आहे मी, तेही शुक्रवारी, उपवासाच्या दिवशी.

नैरोबीतलं ते सभागृह गच्च भरलं होतं. पूर्वी या कंपनीच्या – दोरखंडाचा वाख पिकवणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी कंपनी – सभेला पंधरा-वीस म्हातारे यायचे, त्यातले निम्मे अध्यक्षांच्या भाषणात घोरायचे, आणि कनानूला ते घोरणं प्रार्थनेइतकं निवांत वाटायचं. अकरा शिलिंगला घेतला होता तिनं हा शेअर. जन्मभर गणित शिकवलेली बाई. जमीन, यंत्रं, गोदामातला माल, सगळं मांडून उत्तर काढलं होतं: खरी किंमत तीस. तीसला पोचला की विकायचा – बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं, म्हणजे नेमच तो, देवाला साक्षी ठेवून घेतलेला.

आज भाव होता चौतीस.

"बाई, विकू का?" दलाली करणारा म्वेंदा, तिचाच जुना विद्यार्थी, सकाळपासून तीनदा फोनवर विचारून चुकला होता. "उत्तर आलं की पेन्सिल खाली ठेवायची, असं तुम्हीच सांगायचात ना?"

विकले असते. पण घेणार कोण? शेजारच्या खुर्चीत नव्या छत्रीची दांडी कुरवाळत कगेंडो बसली होती – चर्चमधली जुनी मैत्रीण, दुभती गाय विकून गेल्या महिन्याभरात हाच शेअर घेतलेली. ती आणि भिशीतल्या आणखी अकरा जणी. का, तर कनानूकडे आहे म्हणून. कनानूनं बजावलं नव्हतं असं थोडंच? रविवारी चर्चच्या पायरीवर म्हणाली होती, "महाग झालाय गं, आता घेऊ नका." बारा जणींनी एकमेकींकडे बघितलं आणि सोमवारी आणखी घेतला. इतक्या सुस्त शेअरला तेवढं पुरलं – दोन शिलिंग वर. खरं बोलल्याचा भाव.

"एकटीनंच खायचं होतं तुला," कगेंडो कुजबुजली. "अकरा वर्षं मूग गिळून बसलीस!"

"अकरा वर्षं सांगत होते. तूच म्हणायचीस, दोरखंडात काय ठेवलंय, गळफास?"

"तेव्हा किती स्वस्त होता! इतकं स्वस्त चांगलं असतं होय?"

आता विकावं तर हिच्या गाईचे पैसे माझ्या पदरात आणि माझे महागडे शेअर हिच्या. ठेवावं तर नेम मोडतो... त्यावर कनानूनं आज पहाटेच तोड काढली होती. गुडघे टेकून मागितलं होतं: देवा, भाव अठ्ठावीसवर येऊ दे, म्हणजे प्रश्नच मिटला. किती गोड वाटलं होतं मागताना! बारा घरांचं नुकसान मागत होते मी, आणि गोड वाटलं... कारण मग सगळ्या म्हणाल्या असत्या, कनानूचंच खरं. मग हे सभागृह पुन्हा रिकामं, पुन्हा ते घोरणं, आणि मधल्या रांगेत एकटी मी. लोभ नको, लोभ नको, असं रोज म्हणत आले. या लोभाचं नावच घ्यायचं राहिलं. महाग म्हणून अडवत होते मी यांना, की माझा म्हणून?

पिशवीत फोन थरथरू लागला. चौथ्यांदा.

"तुझा तर उपवास ना?" कगेंडो तिच्या डब्याकडे वाकली. "मग तो तिसरा मला दे. आणि हे बघ, शेअर काढायचे झाले तर तेही मलाच, हं. परक्याला नको."

पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि भूकही नव्हती, खरंच नव्हती. देते, म्हणायला कनानूनं तोंड उघडलं – आणि आपल्याच हाताकडे नवलानं बघत राहिली. पाचही बोटं झाकणावर घट्ट होती.